तिला सांगितलेला अर्धा कायदा

नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. कडेगावच्या बाजूचा तो खून मात्र वेगळा राहिला, कारण त्यात दोष माझाही होता.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पलटणीतून परतलेल्या एका शेतकऱ्याचा आणि त्याच्या चुलतभावाचा बांधावरून तंटा होता. एके सकाळी चुलतभाऊ ओढ्यात मेलेला सापडला. पाय घसरून दगडावर आपटला, असं गाव म्हणत होतं. मी तेव्हा फौजदार होतो. पंचनामा करून प्रेत कराडला पाठवलं. घाव जड, बोथट वस्तूचा आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

मग आठवडी बाजारात गावचा सुतार आमच्या हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या पलटणवाल्याच्या कुऱ्हाडीचा दांडा म्याच बसवलेला, लय चांगला व्हता. प्रेत घावलं त्याच दिशी नवा मागाय आला."

आरोपीला ठाण्यात आणलं. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा एका वाक्यावर अडून राहिला. "आदल्या दिशी दुपारपासनं घरीच हुतो. बायकोला इचारा."

बायकोला चावडीवर बोलावलं. वीस-बावीस वर्षांची पोर. सोबतीला पोलीस पाटलाची म्हातारी आई बसवली. दोन दिवस ती नवऱ्याचंच वाक्य म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला.

"बाई, कोर्टाचं समन्स निघालं की तुला जावंच लागेल."

"आवं सायेब, नवऱ्याच्या इरुद्ध बोलाय लावत्यात व्हय? न्हाई म्हणता येत न्हाई?"

"नाही येत. आणि खोटं बोललीस तर तुझ्यावरच खटला होईल."

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग हळू म्हणाली, "आदल्या दिशी मावळतीला कारभारी आलं. कुऱ्हाडीचा दांडा काढून चुलीत घातला. म्हणालं, म्या त्येला संपवला, कुणाला बोलू नगंस."

मी तिला सांगितलं ते खरं होतं. आरोपीच्या बायकोला साक्षीला बोलावता येतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं तिला सांगावं लागतं. पण नवरा तिच्याशी जे बोलला, ते त्याच्या संमतीवाचून तिला कोर्टात सांगता येत नाही. तेही कलम मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तिला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने तोंडच उघडलं नसतं, असा माझा हिशेब. बचावाचा वकील हरकत घ्यायला चुकेल, या आशेवर मी आरोपपत्र पाठवलं.

वकील चुकला नाही. साताऱ्याच्या सेशन कोर्टात तिने "कारभारी म्हणालं" एवढंच उच्चारलं आणि तो उभा राहिला. न्यायाधीश तिला म्हणाले, "नवरा काय म्हणाला ते सांगू नका. काय पाहिलंत तेवढंच सांगा."

"दांडा जाळताना बघितला," ती म्हणाली.

"मोडका दांडा सगळेच जाळतात," वकील म्हणाला. कुऱ्हाडीवर रक्त मिळालं नव्हतं. आरोपी सुटला.

कोर्टाबाहेर माहेराहून, कुंडल गावातून आलेला तिचा भाऊ उभा होता. त्याने लांबूनच हात जोडले. "नवऱ्यावर साक्ष दिलेली भन घरात कशी ठिवू, सायेब?"

ती माझ्यापुढे आली. "तुमी म्हणला, बोलावंच लागतं. म्या बोलले. आता कुठं जाऊ?"

मी म्हणालो, "साक्ष चांगली दिलीस." फाटकापाशी नवरा थांबला होता. "चल," एवढंच तो म्हणाला. ती त्याच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून गेली.

दोन वर्षांनी त्या गावी जाणं झालं. त्याने दुसरी बायको केली होती. ही गोठ्यात राहत होती. गाव तिला 'साक्षीवाली' म्हणत असे. माझी वर्दी दिसताच ती शेणाची पाटी टाकून आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर साक्षीदाराला मी कायद्याच्या दोन्ही बाजू सांगू लागलो. त्यापायी काही खटले हातचे गेले आणि वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. माणसाला बोलतं करताना पोलिसाचं काम जबाबाखाली अंगठा उठला की संपतं. बोलणाऱ्याचं भोगणं तिथून पुढे सुरू होतं, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या सेवापुस्तकात त्या तपासापुढे अजूनही शेरा आहे: 'साक्षीदाराकडून सत्य काढण्यात विशेष कौशल्य.'