भट्टीत जाण्याआधी

वसमतच्या बसस्टँडामागं नरसिंग तीस वर्षं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरतो, म्हणजे त्यांत तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालतो. हात इतका बसलेला की गप्पा मारतानाही वेढा चुकत नाही. खोड एकच, चूक कबूल करायची नाही. भरलेली मोटार आठवड्यात जळून परत आली, तरी दोष व्होल्टेजचा.

त्याची मुलगी आकांक्षा पुण्याला एका प्रयोगशाळेत तार भाजते. ऐकायला गंमत वाटते, पण काम जोखमीचं. तारेच्या तांब्याच्या पोटात नायोबियम हा धातू आणि कथील असतं. कित्येक दिवस भट्टीत राहिली की ती दोन्ही एकजीव होतात, आणि मग कडाक्याच्या थंडीत ठेवलेली ती तार विजेला जराही अडवत नाही. आच कमी पडली तर कच्ची राहते, जास्त झाली तरी वीज कमी पेलते. शिवाय भाजल्यावर वाकवली की मोडलीच, म्हणून वेटोळं आधी भरायचं आणि मग भाजायचं. आकांक्षाची तीन वेटोळी वाया गेली होती. तारेचा शेवटचा तुकडा घेऊन ती वेटोळं भरून घ्यायला सरळ बापाकडे आली.

नरसिंगनं दोन दिवस जीव ओतून वेटोळं भरलं, हाताच्या सवयीनं वर वार्निशचा हात दिला, वाळवलं आणि खोक्यात बांधून ठेवलं.

निघताना चहा पिता पिता आकांक्षानं भट्टी किती तापते ते सांगितलं. साडेसहाशे अंश. नरसिंगनं कप खाली ठेवला. वार्निश जळलं की त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून वीज नको तिथं पळते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पोरीनं पिशवी खांद्याला लावली. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. आणि बोलावं तर पोरीसमोर मान खाली.

"आकू, थांब," तो म्हणाला. "म्या त्याला वार्निश मारलंय. चूक माझी हाय."

आकांक्षाचा चेहरा उतरला. ती पायरीवर बसली. मग हळूहळू हिशेब लागला. तार अजून भाजलेली नव्हती, उलगडता येत होती. थिनरनं पुसून, काचेच्या धाग्याचं, आच सोसणारं वेष्टण नवं घालून पुन्हा भरता येणार होती. बस गेली तर गेली.

"बाबा, तुमी बोलला नसता, तर मी दोष माझ्या आचेलाच देत बसले असते," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं."

नरसिंगला भरून आलं. त्यानं खोकं उघडलं, तारेचं एक टोक लेकीच्या हातात दिलं आणि वेढे सोडवायला बसला.