नको म्हणजे नको

परिषदेच्या शेवटच्या दिवसापर्यंत विभावरी सबनीसला एकच प्रश्न पडला होता. ह्या लोकांना काही कामधंदे नाहीत का?

ती जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. कामाला वाघ. पण मागे तिचे बॉस ब्रांट यांनी विचारलं होतं, "टीमलीड व्हाल का?" आणि बाई म्हणाल्या, "छे, मी कसली! दुसरं कोणी बघा ना." आता ह्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. अजून एकदा विचारा, मग हो म्हणते. ब्रांट म्हणाले, "गुट," म्हणजे 'ठीक', आणि त्यांनी खरंच दुसरं कोणी बघितलं! तिच्याच टीममधल्या हरीशला मिळाली ती जागा. विभावरी कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत होती.

आता हरीश म्युनिकला निघाला होता. सोमवारी ब्रांट नवा टीमलीड ठरवणार होते, आणि त्याआधी त्यांनी तिला ह्या नेतृत्वाच्या परिषदेला धाडलं होतं.

परिषद कसली, डोंबल! ना भाषण, ना स्लाइड. गोलात खुर्च्या. त्यातल्या एकीवर मार्गदर्शक, फ्राउ केलर. "हा गट इथे, आत्ता कसा वागतो, ते आपणच बघायचं," एवढं बोलून ही बाई जमिनीकडे बघत गप्प. केलर पहिल्यांदा आत आली तेव्हा विभावरी सवयीनं उठून उभी राहिली. एकटीच. मग शांतता सोसवेना म्हणून तिनं खिडक्या उघडल्या, सगळ्यांना कॉफी आणून दिली, कपही गोळा केले.

"अरे, फी भरून लोक नुसते बसलेत इथे!" तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"मग तू बोल की," सत्यजित म्हणाला.

"तू गप रे!"

शेवटच्या दिवशी समारोपाच्या सभेत बोलायला प्रत्येक गटानं आपला एक माणूस निवडायचा होता. तिच्या गटातला कायझर्सलाउटर्नचा टोबियास म्हणाला, "विभावरी, तू जातेस?"

तिला जायचं होतं. फार जायचं होतं. सोमवारी ब्रांटना सांगायला काहीतरी हवं होतं. आणि तोंडातून काय निघावं? "नको नको, मी कशाला? तुमच्यातलंच कोणीतरी जा."

"आल्झो, मग मी जातो," टोबियास म्हणाला. संपला विषय.

"अरे, असं कसं!" विभावरी चक्क मराठीत ओरडली. मग जर्मनवर आली. "एकदा नाही म्हटलं की झालं? आमच्याकडे पाहुण्याला साधी पोळी वाढतानासुद्धा तीनतीनदा विचारतात!"

टोबियासचा चेहरा पडला. "तुला हवं होतं? मग सांगायचंस ना! मला तर मुळीच जायचं नव्हतं."

तेव्हा कुठे फ्राउ केलरनं तोंड उघडलं. "हवं ते स्वतः मागायचं नाही, दुसऱ्यांनी ओळखून द्यायचं. त्यांनी ओळखलं नाही, की ते दुष्ट."

विभावरीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा वेळ मूग गिळून बसलेली ही बया, बोलली ती हे! आणि वर खरं बोलली, ह्याचा तर तिला जास्तच संताप आला. गाडीत बसून घरी येईपर्यंत ती पुटपुटत होती.

सोमवारी ब्रांट तिच्या टेबलापाशी आले. "फ्राउ सबनीस, टीमलीड व्हाल का?"

'छे, मी कसली' अगदी जिभेवर आलं. तिनं ते कसंबसं गिळलं. कानशिलं तापली. आपण किती हावरट दिसत असू, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो. मला हवंय."

"गुट," ब्रांट म्हणाले आणि निघून गेले.

त्यांना नवल वाटलं नाही, की हसू आलं नाही. मागच्या वेळी म्हणाले होते तसंच, त्याच आवाजात, 'गुट'. विभावरीनं इतके दिवस ह्या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती, आणि आता चिडायलाही कोणी उरलं नव्हतं.