काजऱ्यावरची वानरं

आमच्या कृष्णाकाठच्या गावात देवळावर असायची ती लालतोंडी माकडं. हाताला लागेल ते गालांत कोंबायची आणि कळसाशी बसून सावकाश खायची. पेरू, भुईमूग, नैवेद्याचा भात, काहीही. जणू माणसांच्या पंगतीतलीच. म्हणून आमच्याकडे म्हणत, माकडानं खाल्लं ते माणसाला बाधत नाही. दुष्काळात रानातली फळं याच भरवशावर पोटात जायची.

माझी शाळा तिसरीतच सुटली. पुढं मोठ्या भावाबरोबर समुद्राकाठच्या निर्मळला केळीभाजीच्या वाडीत कामाला आलो, ते रेशनचे दिवस होते. वाडीची मालकीण एकटी बाई. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिनं पडवीत जागा दिली, स्वतःच्या चुलीवरचं वाढलं. तरी मला सारखं वाटायचं, आपलं काहीतरी चुकेल आणि मावशी जा म्हणेल.

इथली वानरं काळतोंडी, लांब शेपटीची. गालांत साठवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दिवसभर पाला चघळत बसायची. एका सकाळी कुंपणापलीकडच्या झाडावर ती नारिंगी फळं फोडताना दिसली. भावानं दोन तोडली आणि पडवीत येऊन बसला.

"दादा, कसलं झाड हाय कुणास ठाऊक."

"आरं मर्दा, वानर खातंय की! भ्यायलाच जलमलास व्हय?"

त्यानं गर खाल्ला, बियाही चावल्या. "कडूजहर हाय," म्हणाला आणि हसला. वानरं बिया खात होती की टाकत होती, हे आम्ही पाहिलंच नव्हतं.

मग त्याची मान ताठली. जबडा आवळला. मी हाक मारली तशी त्याच्या अंगाची कमान झाली, नुसत्या टाचा आणि डोकं जमिनीला. मावशी धावत आली, तिनं सालं पाहिली.

"काजरा खाल्ला रे यानं! बिया जहर असतात त्याच्या. बोलू नको. हात नको लावू. आवाज झाला का आकडी येते."

शेजारचा माणूस डॉक्टरला आणायला गेला. मावशीनं पडवीला गोणपाटं लावून अंधार केला. आम्ही श्वाससुद्धा दबकून घेत होतो. तेवढ्यात अंगणातल्या चिंचेवरून आवाज आला, हुप्प!

भावाची पुन्हा कमान झाली. त्याला शुद्ध पुरती होती. डोळे माझ्यावर होते आणि मला ते टाळता येत नव्हते.

एरवी आम्ही डबा बडवून वानरं हाकलत असू. आता काय करायचं? पिकल्या केळ्यांचा घड घेऊन मी वाडीच्या टोकाला गेलो, आमची माकडं तेवढ्यावर धावली असती. इथं एकानं केळं हुंगलं आणि टाकून दिलं. मागून मावशी कानाशी कुजबुजली, "पिकलं नको यांना, कवळं पायजे."

ती वालपापडीच्या मांडवात शिरली. फुलाशेंगांनी भरलेले, बाजाराला निघायचे वेल तिनं कोयत्यानं कापले. अर्धा मांडव उघडा झाला.

"मावशी, मांडव..."

"वेल पुन्ना चढल. भारा उचल, मुकाट."

अनवाणी आम्ही भारे वाडीच्या टोकाच्या बांधापर्यंत वाहिले. एकेक करून कळप चिंचेवरून उतरला आणि बांधाशी बसला. हुप्प थांबलं. नुसता कोवळ्या शेंगा चावल्याचा आवाज येत होता, तोही पडवीपर्यंत जाईल की काय, या धास्तीनं मी मध्येच उभा राहिलो.

डॉक्टर आले, औषध देऊन गेले. दिवस कलताना भावाचा जबडा सैल झाला. मावशी म्हणाली, "लाव आता हात."

माझा हात पुढं होईना. तिनंच माझं मनगट धरलं आणि पंजा त्याच्या छातीवर ठेवला. छाती वरखाली होत होती.

"गेली का वानरं?" भावानं विचारलं.

खातायत, असं मी सांगितलं. पण नुसते ओठ हलले. आवाज काढायचं धाडस मला झालं नाही.