बॅकग्राउंड काढल्यावर उरलेली भिंत

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. अंगारे-धुपारे, बाहेरचं लागलं, नजर लागली... हे शब्दच आमच्या घरात चालत नसत. कुणी तसलं काही बोललं की बाबा त्याला समोर बसवून चहा पाजायचे आणि चहा संपेपर्यंत त्याची उलटतपासणी घ्यायचे. मी त्यांचीच मुलगी. त्यात वेबसाइट बनवणारी — म्हणजे काहीही बिघडलं की आधी आपल्याच कोडमध्ये चूक शोधायची सवय.

मी नागपूरकडच्या शहापूरला राहते आणि घरूनच काम करते. कुठल्याही क्लासला गेले नाही, इंटरनेटवर फुकट जे मिळालं त्यावर शिकले. रंग जुळवायचं टूल, फोटोची साइज कमी करायचं टूल, जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं टूल, आणि अडलं की विचारायला प्रोग्रामर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट. या सगळ्यांचं ब्राउझरमध्ये एक फोल्डर आहे, 'कामाचं' नावाचं. नवीन मुलंमुली "ताई, चांगल्या लिंक द्या ना" म्हणाली की तेच पाठवून देते. त्यातली एक लिंक मात्र मी आता कुणाला देत नाही.

आई डबे करते — जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला असलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलांचे. तिच्या डब्यांसाठी एक पानाची वेबसाइट करायचं मी ठरवलं. अंगणातल्या निळ्या भिंतीसमोर तिला उभं केलं, हस म्हटलं, ती हसली नाही. फोटो काढला आणि त्याच फोल्डरमधल्या बॅकग्राउंड काढायच्या टूलमध्ये टाकला. हे टूल फोटोतला माणूस ठेवतं आणि मागचं सगळं पुसतं, एवढंच त्याचं काम.

आई नीट कापून आली. पण तिच्या बाजूला, हातभर अंतर सोडून, भिंतीचा एक तुकडा तसाच उरला होता. निळा रंग, त्यावर खिडकीचा कोपरा. तुकड्याला डोकं होतं, मान होती, खांदे, पाय... आईपेक्षा वीतभर उंच माणसाच्या आकाराची भिंत. मूळ फोटोत तिथे कुणीच उभं नव्हतं.

मी हसले. बग आहे म्हटलं, सावली पडली असेल. दुसरा फोटो काढला, तेच. माझा एकटीचा काढला, स्वच्छ. शेजारच्या काकूंचा काढला, स्वच्छ. आईच्या माहेरी आसगावला गेलो तेव्हा तिला धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, उभं करून पाहिलं, तर बाजूला तोच आकार, फक्त आता हिरव्या धानाचा. दुसऱ्या टूल्सना काही दिसत नव्हतं. शेवटी नागपूरच्या मैत्रिणीला मूळ फोटो पाठवून त्याच टूलमध्ये टाकायला सांगितलं, बाकी अवाक्षर बोलले नाही. तिचा मेसेज आला — आईच्या बाजूला हे काय उरलंय?

इथे बाबांचं सांगायला हवं. मी कॉलेजात असताना बाबा एका सकाळी पवनीच्या बाजारात जाऊन येतो म्हणून निघाले, ते आलेच नाहीत. पोलीस, दवाखाने, स्टेशनवर फोटो लावणं, सगळं करून झालं. ते आहेत असंही कळलं नाही, गेले असंही नाही. नातेवाईक आईला म्हणायचे, आता गेले असंच धरून चाल. ती कणीक मळायला लागायची.

मी तिला हे दाखवणार नव्हते. पण ती चहा घेऊन आली आणि स्क्रीन उघडीच होती. तिने कप खाली ठेवला, वाकून पाहिलं.

"खांदा पाह्य," ती म्हणाली. "तुहे बाबा होय."

बाबांचा एक खांदा उतरलेला होता, लहानपणी बैलबंडीवरून पडल्यापासून. त्या आकाराचाही होता. मला ते आधी दिसलं नव्हतं, की मी पाहिलं नव्हतं, देव जाणे. हे बाबा असतील तर त्याचा अर्थ काय, हे मला कळत होतं. आईच्या लेखी अर्थ उलटा होता... ते घरी आले होते.

त्यानंतर रोज डबे गेले की ती केस विंचरून भिंतीजवळ उभी राहायची, बाजूला जागा सोडून. "काढ," म्हणायची. आणि एक गोष्ट मी पाहत होते — दोघांमधलं अंतर कमी होत होतं. धान कापणीला येईपर्यंत ते चार बोटांवर आलं. आई दिवसभर खुशीत असायची, भाजीत मीठ जास्त पडलं तरी स्वतःच हसायची. खरं सांगू? मीही सकाळची वाट पाहायला लागले होते.

मग एक दिवस टूलवर पट्टी झळकली, नवीन मॉडेल आलंय, आता माणूस जास्त अचूक ओळखता येतो. फोटो टाकला. आई एकटी आली. कानामागची सुटी बटसुद्धा व्यवस्थित कापलेली. जुने मूळ फोटो परत टाकून पाहिले, त्यातही ती एकटीच.

मी कंपनीला लिहिलं. अगदी नम्र उत्तर आलं की आधीच्या निकालात चूक होती, ती आता दुरुस्त झालीय, आणि जुनं मॉडेल कुठेच ठेवलेलं नाही. प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारलं तर प्रश्न स्पष्ट नाही म्हणून त्यांनी तो तासाभरात बंद केला. ते अख्खं 'कामाचं' फोल्डर माझ्या काही कामाचं नव्हतं. मी लॅपटॉपसमोर बसून रडले.

आईला समजावत होते की मशीन आधी चुकत होती, आता सुधारली.

"मंग चुकू दे ना तिले," ती म्हणाली.

आधीचे कापलेले फोटो माझ्याकडे आहेत. ते दाखवले तर तिने हाताने बाजूला सारले. ते कालचे होत, आजचा काढ, म्हणाली.

ओळखीचे लोक म्हणतात भिंतीला ओल असेल, आईची उभं राहायची ढब असेल, मॉडेल एकच चूक परत परत करत असेल. असेलही. पण मग आसगावच्या बांधीत काय होतं? आणि अंतर कमी का होत होतं?

पुढेही बरेच दिवस ती उभी राहत होती, मी फोटो काढत होते. एका सकाळी तिने वाकून स्क्रीनवर स्वतःच्या बाजूची रिकामी जागा पाहिली. मग हळूच विचारलं, "गेले काय?"

इतक्या वर्षांत हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. मी "माहीत नाही गं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून म्हणाली, वेबसाइटसाठी पाहिजे होता नं फोटो, काढून टाक. आणि जाऊन उभी राहिली, भिंतीच्या अगदी मधोमध.