इचारायचंच तर हुतं

अक्का गेली तेव्हा मी अंबाजोगाईत गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. फोनवर चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, अक्का दुपारची पडली ती उठलीच न्हाई बघ." ऊन असं होतं की समोरचा डोंगर पाण्यात तरंगल्यासारखा हलत होता. मी कुरडई हातात धरून तशीच उभी राहिले आणि खरं सांगते, मला आधी रडू नाही, राग आला. जन्मभर साऱ्या गावाला 'इचारलं का?' म्हणून धारेवर धरणारी बाई, आणि स्वतः मात्र कुणाला न विचारता निघून गेली!

अक्का म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, म्हणून आप्पांना, म्हणजे तिच्या किसनाला, तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. लग्न झालं, पण नवरा फार दिवस लाभला नाही. ती माहेरी परतली तेव्हा आजोबांनी विहिरीचा तुकडा तिच्या नावावर करून दिला. घाटनांदूरच्या अलीकडे आमचं गाव, गावाबाहेर तो तुकडा, आणि तिथंच तिचं दोन खोल्यांचं माळवदाचं घर. ओसरीवर अर्धा जमिनीत पुरलेला रांजण, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर जर्मनचा तांब्या. वाटसरू असो नाहीतर तिचा सख्खा भाऊ, रांजणाला हात लावण्याआधी विचारायचं... "अक्का, पाणी घेऊ का?" मग आतून, कधी चुलीपुढून, कधी झोपेतून आवाज यायचा, "घे. इचारायचंच तर हुतं." लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं जायचे, तेव्हा उगीच तहान नसतानाही विचारायचे. तो आवाज ऐकला की सगळं घर गार झाल्यासारखं वाटायचं.

हा रांजण मूळचा आजोबांच्या घरचा. त्याची गोष्ट ती सांगायची तेव्हा मला नेहमी अर्धवट झोप लागलेली असायची, त्यामुळे त्यातलं किती ऐकलं आणि किती स्वप्नात पाहिलं, कुणास ठाऊक! निजामाचं राज्य. शेतात पिकलं की सरकारची माणसं लेव्हीचं धान्य मोजून न्यायची, साहेब दौऱ्यावर आला की बैलगाडी वेठीला जुंपायची, कचेरीत कागद उर्दूत, काय लिहिलंय ते आपल्याला कळायचं नाही, तरी अंगठा आपलाच. आजोबा सगळं सोसत. "सोसायचीच सवय हुती बापा," अक्का म्हणायची, "वझं काय, मानूस लई उचलतंय." मग त्या उन्हाळ्यात महसुलाचा अधिकारी, गिरदावर, लेव्हीला आला. ओढ्यात झिरा खणून, वाटी-वाटीनं पाणी भरून अक्कानं सकाळपासून रांजण भरला होता. गिरदावराच्या शिपायानं घोडा सरळ ओसरीवर आणला, झाकण काढलं, आणि घोड्यानं रांजणात तोंड घातलं. गिरदावर बघत बसला. आजोबा हात जोडून म्हणाले, "जाऊ द्या, मुकं जनावर हाय."

"घोडं मुकं हुतं," अक्का सांगायची, "पर त्याच्या धन्याला त्वांड हुतं की गं! बाई, पानी घेऊ का, एवढंच म्हनायचं. मी काय न्हाई म्हनले असते?"

ओठावर नुकतं मिसरूड फुटलेले आप्पा तेव्हा दारात उभे होते. त्यांनी बहिणीकडं पाहिलं, रांजणाकडं पाहिलं. काही दिवसांनी ते सरहद्दीपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या क्यांपात गेले. ज्या पोरानं कधी कोंबडी कापली नव्हती, त्यानं पुढं खांद्यावर बंदूक घेतली, निजामाच्या जकातनाक्यावर चालून गेला, पायात गोळी घेऊन परत आला. तोवर हैदराबाद भारतात आलं होतं. अक्कानं त्यांना आधी त्या रांजणातलं पाणी पाजलं, मग गळ्यात पडून रडली.

पुढं झेंडावंदनाला आप्पांचं भाषण ठरलेलं. लेव्ही, वेठ, कचेरीची भाषा, रझाकारांचा जुलूम... ते एकेक सांगत जायचे आणि लोक माना डोलवायचे. अक्का पुढंच बसलेली असायची. भाषण संपलं की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "समदं खरं हाय, किसना. पर तू गेलतास त्ये रांजणापायी." लोक हसायचे, आप्पाही हसायचे. तिच्या त्या बोलण्याचा काटा किती लांब आहे, ते आम्हाला बहात्तरच्या दुष्काळात कळलं.

तोवर आप्पा सोसायटीचे चेअरमन झाले होते. पाऊस नाही, विहिरी तळाला, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडताहेत, घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या वर्षीच्या सगळ्या आठवणी मला धुळीच्या रंगातच दिसतात. अक्काच्या विहिरीचा झरा तेवढा जिवंत होता. सोसायटीनं इंजिन घेतलं, खडीच्या कामापर्यंत पाईप टाकायचं ठरवलं आणि एका सकाळी आप्पा इंजिन, मजूर आणि धारूरचे इस्माईल मिस्त्री घेऊन विहिरीवर हजर. अक्का काठावर पाय सोडून बसलेली! इस्माईल मिस्त्री चाचरत म्हणाले, "अक्का, पाईप सोडू का खाली?"

"तुला हो म्हनले असते रे इस्माईल, पर इंजिन तुजं न्हाई."

आप्पा भडकले. "लोकं तहानेनं मराया लागलीत, अन् तू कावून आडून बसलीस?"

"पानी न्हाई म्हनले का मी?"

"मग?"

"इचारलं का?"

"आता तुला इचारायचं? सख्ख्या भनीला? अन् घरला न्याया लागलोय का मी? लोकांसाठीच घेतोय की!"

"त्यो गिरदावर बी सरकारसाठीच घ्यायचा."

आप्पांचा चेहरा असा झाला की मी आईच्या पदराआड गेले. ते तिथून लंगडत निघाले ते मागं न पाहता. गावात नको नको ते बोललं गेलं. म्हातारी चळलीय म्हणाले, पाण्यावरचा नाग म्हणाले. सोसायटीत कुणी म्हणालं, ठराव करा, विहीर ताब्यात घ्या. आणि इकडं दिवसभर बाया घागरी घेऊन येत होत्या, "अक्का, घेऊ का?" विचारत होत्या, भरून नेत होत्या. अडलं होतं ते फक्त इंजिन. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. आईला म्हणाले, "ठराव माझ्या सहीचा हाय. केला की झालं." मग पुन्हा, स्वतःशीच... "केला की झालं."

दुसऱ्या सकाळी ते पुन्हा विहिरीवर गेले. सगळ्या गावासमोर डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "अक्का, इहिरीचं पानी घेऊ का?"

"घे," ती म्हणाली. "इचारायचंच तर हुतं." आणि मग दोघं बहीणभाऊ त्या काठावर बसून ढसाढसा रडले. इंजिन सुरू झालं तरी उठले नाहीत.

आता आप्पांना फारसं आठवत नाही. मला कधी ते आई म्हणून हाक मारतात. अक्काच्या तेराव्याला त्यांना घेऊन गेलो, पण कोण गेलं हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे. पंगती उठल्या, माणसं पांगली. दुपारी सगळं सुस्त झालं तेव्हा पाहिलं तर आप्पा ओसरीवर रांजणापाशी. हातात जर्मनचा तांब्या. कुणीतरी रांजण भरून ठेवला होता.

"अक्का, पानी घेऊ का?"

घर गप्प. ते थांबले. पुन्हा विचारलं. ओठ सुकलेले, पण झाकणाला बोट लावायला तयार नाहीत. माझा मुलगा पुढं झाला, "आजोबा, घ्या ना, भरलेलाच आहे," तर त्यांनी त्याला नुसतं डोळ्यांनीच मागं सारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी आत गेले, चुलीपाशी, ती बसायची तिथं बसले आणि तोंडाला पदर लावून म्हणाले,

"घे, किसना. इचारायचंच तर हुतं."

बाहेर झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि मग आप्पा घटाघटा पाणी प्यायले.