पाणी न मारलेली भिंत

टीव्हीच्या कपाटाचे माप मीच दिले होते. सुतार लासूर स्टेशनचा, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ. तो म्हणाला होता, "साहेब, दीड फूट खोल करू. टीव्ही वरच बसंल, भिंतीचं लफडंच नको." पण करमाडच्या रस्त्याला आमची नवी वसाहत झाली होती आणि तिथे ज्याच्या-त्याच्या घरी टीव्ही भिंतीवर होता. मी हट्टाने कपाट नऊ इंचांचेच करायला लावले. आता टीव्ही वर ठेवायची सोयच उरली नव्हती.

टीव्ही टांगायचे ब्रॅकेट भिंतीवर बसवायच्या दिवशी पहिले भोक इतके सहज पडले की सुताराने ड्रिल थांबवून माझ्याकडे पाहिले. आत घातलेला, स्क्रू घट्ट धरणारा फास्टनर नुसताच गरगर फिरत राहिला. दुसऱ्या भोकातही तेच. तिसऱ्याला भाकरीएवढा गिलावा सुटून नव्या कपाटावर पडला.

"ही भिंत हाय का रवा?" सुतार म्हणाला.

मी त्याच्यावरच खेकसलो. ड्रिल नीट धरत नाही म्हणालो. लांब फास्टनर आणले, ते निघाले. लाकडी गुट्ट्या ठोकून सिमेंट भरले, दोन दिवस थांबलो, त्याही निघाल्या. हार्डवेअरच्या दुकानात चार चकरा झाल्या. टीव्ही पाच दिवस पलंगावर झोपला होता आणि आम्ही खाली सतरंजीवर. एवढी चिडचिड मी कोणासाठी करत होतो? पहिल्या भोकातून वाळू गळली तेव्हाच मला कारण कळले होते.

घर बांधले ते ऐन दुष्काळात. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा आणि गिलावा संपला तेव्हाही खुलताबादच्या मिस्त्रीने बजावले होते, "साहेब, सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. एक दिवसबी चुकू नका, न्हाईतर सिमेंट धरायचं न्हाई." बांधकामावर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. आम्ही तेव्हा शहरात भाड्याने राहत होतो आणि तिथल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचे. मी बांधकामाच्या टाकीतले पाणी कॅनमध्ये भरून स्कूटरवरून घरी नेऊ लागलो. रस्त्यावरून दिसणारी बाहेरची भिंत तेवढी भिजवायचो. मिस्त्री फोनवर विचारायचा तेव्हा "हो, रोज मारतो" म्हणायचो. बायकोला मात्र सांगायचो की टँकरच्या रांगेत तास-तास उभा होतो. ती किती कौतुक करायची!

टीव्हीच्या सहाव्या दिवशी बायकोचाही संयम संपला. "मिस्त्रीनंच सिमेंट खाल्लंय," ती म्हणाली आणि तिने थेट भावाला स्पीकरवर फोन लावला. त्याच्या घराचे काम त्याच मिस्त्रीला दिले होते.

"अरे, त्या मिस्त्रीला काढ आधी. आमच्या भिंतीतून पीठ गळतंय पीठ!"

"बरं झालं ताई, सांगितलंस. सोमवारी पाया खणणार होता. आजच नाय म्हणून सांगतो. दाजी काय म्हणतात?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "बघू." सुतार स्टुलावरून म्हणाला, "बघू काय साहेब, माणसाचं काम जातंय. बोला की काय ते."

त्याला काय माहीत होते कोण जाणे. मी म्हणालो, "मिस्त्रीची चूक नाही. आतल्या भिंतींना पाणी मी मारलं नाही. एक दिवससुद्धा नाही."

पलीकडे मेहुणा हसत सुटला. "मग मिस्त्री ऱ्हाऊ द्या. फक्त दाजी, आमच्या साईटवर पाणी मारायला तुम्ही येऊ नका."

बायको हसली नाही. तिने फोन ठेवला.

"आणि ते कॅन?"

"तेच पाणी."

सुताराने घसा खाकरला. "आरपार भोक पाडतो, साहेब. पलीकडून लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळू. झोपायच्या खोलीत दिसंल, पण हलायचं नाय."

"पाडा," मी म्हणालो.

बायको अजून माझ्याकडेच पाहत होती. "रांगेत उभं राहून पाय दुखतात म्हणायचात. मी शेकून दिले होते तुमचे पाय. रोज."

सुताराने ड्रिल सुरू केली आणि त्या आवाजात मला काही बोलावे लागले नाही, याचे मला बरे वाटले. आजही त्या खोटेपणापेक्षा ते बरे वाटणेच मला जास्त बोचते.