भिंतसुद्धा पुसट

रक्ततपासणीच्या खोलीतल्या ताईंना या उन्हाळ्यात अचानक फुलपाखरांचं वेड लागलं, तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्यांनी हसून घेतलं. दुपारचं जेवण आटोपलं की ताई गळ्यात कॅमेरा अडकवून मागच्या अंगणात जायच्या. तिथे भिंतीच्या सावलीत झिनिया फुलला होता. फुलपाखरं त्यावर उतरायची, सोंड उलगडून निवांत मध प्यायची, आणि ताई श्वास रोखून समोर उकिडव्या बसायच्या. "लग्नात माझ्याकडे एवढं टक लावून बघितलं नव्हतंस," असं त्यांचे यजमान चिडवायचे. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेराही त्यांचाच, जुना.

वेडबिड काही नव्हतं. ताईंना वेगळीच भीती होती. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आधी त्यांच्या चिमट्यातून बारीक स्क्रू निसटू लागले, मग हातातली कपबशी वाजू लागली, आणि शेवटी शेवटी ताईच त्यांना भरवायच्या. यंदा घरच्या कुलपाशी ताईंच्या हातातली किल्ली जराशी घुटमळली आणि त्यांची झोप उडाली. सुई धरणाऱ्या बाईचा हात हलून कसं चालेल? डॉक्टर रोज समोर दिसायचे, पण त्यांना विचारायचं धाडस होईना. मग त्यांना यजमानांचंच एक बोलणं आठवलं. फूल स्पष्ट आणि फुलपाखरू पुसट आलं, तर फुलपाखरू हललं. सगळंच पुसट आलं, मागची भिंतसुद्धा, तर हात हलला.

संध्याकाळी फोटो बघताना ताईंची नजर आधी फुलावर जायची. पंख पुसट, फूल लख्ख. चला, सुटले. दोष फुलपाखरांच्या माथी मारला की ती रात्र बरी जायची.

मग एका दुपारी एक मोठं काळं फुलपाखरू आलं. पंख पसरून मध पीत बसलं, ते जागचं हलेना. त्याच्या फोटोत फूल पुसट होतं, पंख पुसट होते आणि भिंतीतल्या विटांच्या रेघाही दुहेरी दिसत होत्या. पुढचा फोटोही तसाच.

घरी ताईंनी तो फोटो यजमानांसमोर धरला. त्यांनी पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"वारा असेल गं."

"अहो, वाऱ्यानं भिंत हलते का?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. जेवताना त्यांनी ताईंच्या पेल्यात पाणी अर्धंच ओतलं. ताईंना वडिलांचा पेला आठवला; सांडू नये म्हणून त्याही तो अर्धाच भरायच्या.

सकाळी दवाखान्यात सगळ्यात आधी नेहमी येणाऱ्या एक आजी खुर्चीत येऊन बसल्या. त्यांना ताईंशिवाय दुसरं कुणी चालत नसे. ताईंनी दंडाला पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली, सुईचं टोपण काढलं. आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"आज आजींचं रक्त तुम्ही काढता का?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं.

"का गं? माझं काही चुकलं का?" आजी म्हणाल्या.

"नाही हो आजी. मी आहे ना इथे." ताईंनी त्यांचा दुसरा हात धरला.

आजींनी त्या धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी आपला पंजा उलटवून ताईंचा हात घट्ट दाबून धरला.

"सुई मला टोचायची आहे ना? मग तुझा हात का थरथरतोय?"